विश्लेषण : कॅथोलिक चर्चमध्ये ‘संत’ कसे ठरतात? चमत्कार दाखवावाच लागतो का? ‘शेजारचे संत’ म्हणजे काय?

जीन्स, स्पोर्ट शूज आणि स्वेटशर्ट अशा वेशातील एका किशोरवयीन मुलाचे पार्थिव इटलीतील असीसी शहरात काचेच्या आड ठेवलेले आहे. ते पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात. कार्लो अक्युटिस हे त्याचे नाव. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. संगणकावर काम करणारा, व्हिडीओ गेम खेळणारा १५ वर्षांचा मुलगा आणि ‘संत’ हे समीकरण अनेकांना नवलाचे वाटले. कॅथोलिक चर्चमध्ये संत नेमके ठरतात कसे, त्यासाठी चमत्कार सिद्ध करावा लागतो का आणि ज्या बायबलच्या आधारे हे सारे चालते, त्यात पावित्र्याविषयी काय सांगितले आहे, याचा आढावा.

कार्लो अक्युटिस कोण होता?

कार्लोचा जन्म ३ मे १९९१ रोजी लंडनमध्ये इटालियन दाम्पत्याच्या पोटी झाला. तो वाढला मिलान शहरात. घरची परिस्थिती उत्तम होती. रोज मिस्सेला जाणे, आठवड्यातून एकदा पापनिवेदन करणे, रस्त्यावर झोपणाऱ्यांना जेवण आणि स्लीपिंग बॅग नेऊन देणे हा त्याचा शिरस्ता होता. संगणकाची आवड होतीच. जगभरात घडल्याचे मानल्या जाणाऱ्या, ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने ती एका संकेतस्थळावर मांडली. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि काही दिवसांतच, १२ ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला. २०२० मध्ये त्याला ‘धन्य’ घोषित करण्यात आले. २७ एप्रिल २०२५ रोजी संतपदाचा सोहळा होणार होता, मात्र त्याआधी सहाच दिवस पोप फ्रान्सिस यांचे निधन झाल्याने तो पुढे ढकलावा लागला.

त्याच दिवशी आणखी एक तरुण संत घोषित झाला. पिएर जॉर्जिओ फ्रासाती. तुरिन शहरातील ‘ला स्टाम्पा’ या वृत्तपत्राच्या मालकाचा हा मुलगा. गिर्यारोहणाचा शौकीन, मित्रांत रमणारा. खाणकामगारांमध्ये काम करता यावे म्हणून त्याने खाण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम निवडला होता. ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’चा तो सभासद होता. याच संस्थेच्या शाखा मुंबई-वसईतील अनेक चर्चमध्येही गरीब कुटुंबांना मदत करतात. १९२५ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी पोलिओने त्याचा मृत्यू झाला. अंत्ययात्रेला तुरिनमधील गोरगरिबांची गर्दी लोटली, तेव्हा कुठे आपला मुलगा कोणाकोणाच्या घरी जात होता, हे त्याच्या कुटुंबाला उमगले.

बायबलमध्ये ‘पवित्र’ कोणाला म्हटले आहे?

आज ‘संत’ म्हटले की डोक्यामागे तेजोवलय असलेली मूर्ती डोळ्यांपुढे येते. बायबलमध्ये मात्र हा शब्द बराच साधा आहे. संत पौलाने निरनिराळ्या शहरांतील ख्रिस्ती मंडळींना पत्रे लिहिली. त्यांत तो सर्वच श्रद्धावंतांना ‘पवित्र जन’ म्हणून संबोधतो. विशेष म्हणजे करिंथ येथील मंडळींनाही त्याने हेच संबोधन वापरले आहे. ही मंडळी काही आदर्श नव्हती. त्यांच्यात तट पडले होते, ते एकमेकांना कोर्टात खेचत होते. सामुदायिक भोजनात श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. या सगळ्याबद्दल पौल त्यांची खरडपट्टी काढतो, पण ‘पवित्र जन’ ही ओळख काढून घेत नाही. पावित्र्य हे कमावलेले प्रशस्तिपत्र नसून मिळालेले पाचारण आहे आणि त्याला साजेसे जगणे हे पुढचे काम आहे, अशी ही भूमिका.

जुन्या करारातील ‘लेवीय’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय तर याहून थेट आहे. मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, असे परमेश्वर सांगतो आणि लगेच त्याचा अर्थ उलगडून दाखवतो. पीक काढताना शेताच्या कडेचे धान्य गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावे. मजुराची मजुरी दुसऱ्या दिवसापर्यंत अडकवून ठेवू नये. मापात खोट करू नये. बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. चहाड्या करू नयेत. परक्या माणसाला आपल्यातलाच समजावे. उपासनेचे नियमही या अध्यायात आहेत, पण शेतमजूर, तराजू आणि शेजारी यांना त्यात मोठी जागा आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात येशू अंतिम न्यायाचे चित्र रंगवतो, तेव्हाही हाच सूर लागतो. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा आणि कैद्याची भेट. परीक्षेचे प्रश्न एवढेच. गंमत अशी की ज्यांनी हे केले, त्यांना आपण देवासाठी काही केले याची कल्पनाच नसते. त्यांनी फक्त समोरचा माणूस पाहिलेला असतो.

मग संतांची अधिकृत यादी कशी सुरू झाली?

मराठीतला ‘संत’ हा शब्द संस्कृतातील ‘सत्’वरून आला आहे, तर इंग्रजीतील ‘सेंट’ लॅटिन ‘सांक्तुस’वरून. दोन्हींचा उच्चार जवळचा असला तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. अर्थातही फरक आहे. ज्ञानेश्वर किंवा तुकाराम यांना कोणत्याही समितीने संत घोषित केले नाही. लोकांनी त्यांना संत मानले. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांतही असेच होते. रोमन साम्राज्यात श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या रक्तसाक्षींच्या कबरीपाशी लोक त्यांच्या मृत्यूच्या दिवशी जमत आणि मिस्सा होई. पुढे रक्तसाक्षी नसलेल्यांनाही हा मान मिळू लागला. चौथ्या शतकातील मार्टिन ऑफ टूर्स हे त्यांपैकी सुरुवातीचे. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अंगरखा अर्धा कापून देणारा सैनिक म्हणून ते ओळखले जातात.

लोकांच्या भावनेवर सारे सोडले, तर दंतकथाही संत होऊ शकतात, हे हळूहळू लक्षात आले. ९९३ मध्ये पोप जॉन पंधरावे यांनी ऑग्सबर्गचे बिशप उलरिख यांना संत घोषित केले. पोपने औपचारिकरीत्या घोषित केल्याची ही पहिली नोंद मानली जाते. तेराव्या शतकात हा अधिकार केवळ पोपकडे राहिला. १५८८ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी त्यासाठी व्हॅटिकनमध्ये स्वतंत्र विभाग स्थापन केला. उमेदवाराविरुद्ध बाजू मांडणारा अधिकारीही नेमला जाऊ लागला. त्यालाच लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणू लागले. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही पद्धत आमूलाग्र बदलली. वकिली खडाजंगीऐवजी इतिहास-संशोधनाच्या धर्तीवर पडताळणी सुरू झाली, चमत्कारांची आवश्यक संख्या कमी झाली आणि ‘सैतानाच्या वकिला’ची जुनी भूमिका संपली.

त्यानंतर संतांची संख्या झपाट्याने वाढली. जॉन पॉल दुसरे यांनी ४८२ जणांना संत घोषित केले. १५८८ पासून त्यांच्यापर्यंतच्या सर्व पोपनी मिळून घोषित केलेल्या संतांपेक्षाही ही संख्या मोठी आहे. पोप फ्रान्सिस यांनी तर १२ मे २०१३ या एकाच दिवशी इटलीतील ओत्रांतोच्या ८१३ रक्तसाक्षींना संतपद दिले.

आज ही प्रक्रिया कशी चालते?

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. चर्चच्या शिकवणुकीनुसार पोप कोणाला संत ‘बनवत’ नाहीत. ती व्यक्ती देवाच्या सान्निध्यात आहे, असे चर्च जाहीरपणे मान्य करते आणि तिचे नाव अधिकृत यादीत घालते. ‘कॅनन’ म्हणजे यादी. त्यावरूनच ‘कॅनोनायझेशन’ हा शब्द आला.

साधारणपणे मृत्यूनंतर किमान पाच वर्षांनी प्रक्रिया सुरू होते. भावनेचा पूर ओसरावा हा त्यामागचा हेतू. पोप ही अट शिथिल करू शकतात. मदर तेरेसा आणि जॉन पॉल दुसरे यांच्या बाबतीत तसे झाले. पहिले पाऊल रोममध्ये नाही, तर ज्या धर्मप्रांतात मृत्यू झाला, तेथे उचलले जाते. त्या व्यक्तीबद्दल सामान्य लोकांमध्ये आदर आहे का, हे बिशप पाहतात. चौकशी सुरू झाली की तिला ‘देवाचा सेवक’ म्हटले जाते. साक्षीदारांचे जबाब होतात, विरोधात बोलणाऱ्यांचेही. पत्रे, डायऱ्या, लेख तपासले जातात.

मग सारी कागदपत्रे मोहोरबंद करून रोमला जातात. तेथे त्यांवर आधारित एक जाडजूड प्रबंध तयार होतो. धर्मशास्त्रज्ञ, त्यानंतर कार्डिनल व बिशप तो तपासतात. त्या व्यक्तीने श्रद्धा, आशा, प्रीती तसेच विवेक, न्याय, धैर्य, संयम हे सद्गुण असामान्य पातळीवर आचरले, असा निष्कर्ष निघाला आणि पोपनी मान्यता दिली, की तिला ‘वंदनीय’ म्हणतात. एक चमत्कार मान्य झाला की ‘धन्य’ आणि त्यानंतर घडलेला दुसरा चमत्कार मान्य झाला की ‘संत’.

या पायऱ्यांवर किती काळ थांबावे लागते, याचे उदाहरण जवळच आहे. वांद्रे आणि वाशीतील ज्या शिक्षणसंस्थांना ‘फादर अ‍ॅग्नेल’ हे नाव आहे, ते फादर अ‍ॅग्नेलो डिसूझा मूळचे गोव्यातील हणजुण्याचे. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८६ मध्ये त्यांना ‘वंदनीय’ घोषित करण्यात आले. पुढच्या पायरीसाठी चमत्काराला रोमची मान्यता हवी. त्यांच्यासाठी गोव्यातील पिळर्ण नव्हे, तर पिलार येथील समाधीपाशी भाविक आजही प्रार्थना करतात.

चमत्काराची तपासणी कोण करते?

बहुतेक वेळा हा चमत्कार म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या न उलगडणारी आजारमुक्ती असते. रुग्ण लवकर, पूर्णपणे आणि कायमचा बरा झालेला असावा, अशी अपेक्षा असते. आधी डॉक्टरांचे मंडळ कागदपत्रे पाहते. ‘हा चमत्कार आहे’ असे म्हणणे हे डॉक्टरांचे काम नाही. आजच्या वैद्यकशास्त्राला याचे स्पष्टीकरण देता येते की नाही, एवढेच त्यांना विचारले जाते. २०१६ च्या नियमांनुसार सात तज्ज्ञांच्या मंडळात किमान पाच जणांचे मत अनुकूल असावे लागते. त्यानंतर धर्मशास्त्रज्ञ दुसरा प्रश्न हाती घेतात : त्या काळात प्रार्थना नेमकी याच व्यक्तीच्या मध्यस्थीसाठी केली गेली होती का?

कॅनडातील रक्तविकारतज्ज्ञ आणि वैद्यकशास्त्राच्या इतिहासकार जॅकलिन डफिन यांचा अनुभव या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्या स्वतः नास्तिक आहेत. एकदा त्यांच्याकडे कारण न सांगता एका रुग्णाच्या रक्ताचे व अस्थिमज्जेचे जुने नमुने तपासणीसाठी आले. रक्ताचा कर्करोग इतका बळावलेला होता की रुग्ण केव्हाच दगावली असणार, असे त्यांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात ती बाई जिवंत होती. कॅनडात जन्मलेल्या पहिल्या संत मार्गेरित द’युविल यांना १९९० मध्ये संतपद मिळाले, त्यातील हे प्रकरण. डफिन यांनी पुढे व्हॅटिकनच्या दप्तरातील अशा शेकडो नोंदी अभ्यासून ग्रंथ लिहिला. त्यांनी श्रद्धा स्वीकारली नाही, पण तपासणी गांभीर्याने होते, हे नोंदवले.

प्रत्येक वेळी एवढी सहमती असते असे नाही. मदर तेरेसा यांना २००३ मध्ये ‘धन्य’ घोषित करताना पश्चिम बंगालमधील एका आदिवासी स्त्रीच्या पोटातील गाठ नाहीशी झाल्याचा चमत्कार मान्य करण्यात आला. ती औषधोपचारांनी बरी झाली, असे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे होते. भारतातील विवेकवादी संघटनांनीही त्यावर टीका केली. हा वाद आजही मिटलेला नाही.

चमत्काराला सूट मिळते का?

मिळते. श्रद्धेपायी प्राण दिलेल्या रक्तसाक्षीला ‘धन्य’ घोषित करण्यासाठी चमत्कार लागत नाही. संतपदासाठी एक लागतो. पोप तोही माफ करू शकतात. गोव्याचे संत जोसेफ वाझ हे त्याचे उदाहरण. १६५१ मध्ये बाणावली येथे जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले. तेथे डच सत्तेने कॅथोलिक उपासनेवर बंदी घातली होती. ते मजुराच्या वेशात उतरले. कँडीच्या राजाने पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले. पुढे १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची साथ पसरली. लोक आप्तांना टाकून पळत असताना वाझ रुग्णांची शुश्रूषा करत राहिले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले, तेव्हा दुसऱ्या चमत्काराची अट वगळण्यात आली.

जुलै २०१७ मध्ये फ्रान्सिस यांनी आणखी एक वाट खुली केली. रक्तसाक्ष नाही आणि सद्गुणांची दीर्घ पडताळणीही नाही, पण दुसऱ्यावरील प्रेमापोटी ज्याने आपला जीव जाणूनबुजून धोक्यात घातला आणि त्यातच ज्याचा मृत्यू झाला, अशा व्यक्तीचाही विचार होऊ लागला. साथीच्या रोगात रुग्णांची सेवा करताना मरण पत्करणारे यात बसू शकतात. ‘धन्य’ ठरण्यासाठी येथे मात्र चमत्कार आवश्यक आहे.

भारतातील संत कोण?

भारतात जन्मलेले पहिले संत वसईचे. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. लहानपणी जेझुइटांच्या शाळेत शिकून ते किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि तेथील भाषेत पारंगत झाले. काही काळ त्यांनी व्यापारही केला. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. जपानच्या सत्ताधीश हिदेयोशीकडे गेलेल्या फ्रान्सिस्कन शिष्टमंडळाचे ते दुभाषी होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर खिळून मारण्यात आले, त्यांत गोन्सालोही होते. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी या सर्वांना संत घोषित केले. वसईतील महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. त्यांचे वडील पोर्तुगीज असल्याने अनेक जण पहिला भारतीय संत हा मान केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना देतात. त्यांना २००८ मध्ये संतपद मिळाले. त्यानंतर केरळमधीलच चावरा कुरियाकोस एलियास, युफ्रेसिया आणि मरियम थ्रेसिया यांची नावे यादीत आली.

हे सारे धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा संघातील ब्रदर होते. भारतातील पहिल्या प्रापंचिक संतासाठी २०२२ साल उजाडावे लागले. देवसहायम हे मूळचे नीलकंठ पिल्लै, त्रावणकोर संस्थानच्या सेवेतील विवाहित गृहस्थ. घरावर आपत्ती कोसळलेल्या काळात डच सेनानी द लॅनॉय यांनी त्यांना बायबलमधील ईयोबाची कथा सांगितली. सर्वस्व गमावलेला ईयोब देवाशी वाद घालतो, पण त्याची साथ सोडत नाही. ही कथा त्यांना भिडली. १७४५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ते जातीभेद बाजूला ठेवून सर्वांसोबत जेवू-वावरू लागले. पुढे त्यांना अटक झाली, छळ झाला आणि १७५२ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. शिक्षा धर्मांतरासाठी झाली की राजद्रोहाच्या आरोपासाठी, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. संतपद देताना व्हॅटिकनने त्यांच्या नावातील ‘पिल्लै’ हा जातिवाचक शब्द गाळला, ही बाबही बोलकी आहे.

या पद्धतीवर कोणते आक्षेप आहेत?

पहिला आक्षेप पैशाचा. अनेक वर्षे चालणारी चौकशी, भाषांतरे, तज्ज्ञांचे मानधन, प्रबंधाची छपाई यांना मोठा खर्च येतो. साहजिकच मागे भक्कम धर्मसंघ असलेल्या उमेदवाराची फाइल पुढे सरकते. खेड्यातल्या शिक्षिकेची किंवा मच्छीमाराची उघडतच नाही. २०१५ मध्ये या खर्चाबाबत इटलीतील पत्रकारांनी व्हॅटिकनमधील कागदपत्रे उजेडात आणली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हिशेबाचे नवे नियम लागू केले आणि पैसे नसलेल्या प्रकरणांसाठी निधीची तरतूद केली.

दुसरा आक्षेप प्रतिनिधित्वाचा. कॅथोलिकांमध्ये बहुसंख्य लोक संसारी असूनही यादीवर धर्मगुरू आणि धर्मभगिनींचा वरचष्मा आहे. एका दाम्पत्याला पती-पत्नी म्हणून एकत्र संतपद मिळायला २०१५ साल उजाडले. फ्रान्समधील लुई आणि झेली मार्तँ हे ते दाम्पत्य. तो घड्याळजी, ती लेस विणण्याचा व्यवसाय चालवणारी. अलीकडे चित्र बदलते आहे. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी सात जणांना संत घोषित केले. त्यांत गरिबांवर उपचार करणारे व्हेनेझुएलाचे डॉक्टर होसे ग्रेगोरियो हेर्नांदेस आणि पापुआ न्यू गिनीचे धर्मशिक्षक पीटर टो रॉट हे प्रापंचिक होते.

तिसरा आक्षेप बाजाराचा. कार्लोचे केस म्हणून काही वस्तूंचा ऑनलाइन लिलाव सुरू असल्याचे २०२५ मध्ये आढळले आणि असीसीच्या बिशपांना तक्रार करावी लागली. संत हे अनुकरणासाठी की ताईत म्हणून जवळ बाळगण्यासाठी, हा जुना प्रश्न इंटरनेटच्या काळातही सुटलेला नाही.

‘शेजारचे संत’ म्हणजे काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयीच्या आपल्या प्रमुख दस्तऐवजात एक संपूर्ण प्रकरण पावित्र्याला वाहिले. पावित्र्य हे केवळ मठातल्या लोकांचे काम नसून प्रत्येक बाप्तिस्माधारकाचे पाचारण आहे, असे त्यात ठामपणे सांगितले. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘गौदेते एत एक्सुलताते’ हे आवाहनपत्र याच विषयावर लिहिले. त्यात त्यांनी ‘शेजारचे संत’ ही कल्पना मांडली. मुलांना वाढवणारे आईबाप, घर चालवण्यासाठी राबणारे स्त्री-पुरुष, आजारी माणसे, हसतमुख राहणाऱ्या वृद्ध धर्मभगिनी यांच्यात त्यांना पावित्र्य दिसते.

त्यांनी दिलेला एक दाखला अगदी घरगुती आहे. एक बाई बाजारात जाते. शेजारीण भेटते, गप्पा रंगतात आणि कोणाची तरी निंदा सुरू होते. त्यात भाग घ्यायचा नाही, असे ती ठरवते. घरी थकून आल्यावर मुलाला काही सांगायचे असते, तेव्हा ती त्याच्यापाशी बसून ऐकते. जीव घाबरतो तेव्हा प्रार्थना करते. रस्त्यात गरीब माणूस दिसला तर थांबून दोन शब्द बोलते. यातली प्रत्येक कृती पावित्र्याच्या दिशेने टाकलेले पाऊल, असे फ्रान्सिस म्हणतात. चहाडी न करण्याचा ‘लेवीय’मधला नियम येथे भाजीबाजारात पोहोचलेला दिसतो.

याचा अर्थ पावित्र्य सोपे झाले, असा मात्र नाही. याच पत्रात फ्रान्सिस गिरिप्रवचनातील धन्यवचने आणि मत्तयाचा २५ वा अध्याय हे पावित्र्याचे मुख्य निकष मानतात. थंडीत रस्त्यावर झोपलेला माणूस आपल्याला अडचण वाटतो की आपल्यासारखाच माणूस वाटतो, हा प्रश्न टाळून केलेली प्रार्थना पुरेशी नाही, असा त्यांचा रोख आहे. त्याच वेळी प्रार्थनेवाचून केवळ समाजसेवा उरली, तर तिचाही झरा आटतो, असेही ते बजावतात.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय?

मध्य प्रदेशातील एक प्रसंग या संदर्भात आठवावा असा आहे. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया इंदूरजवळच्या भागात भूमिहीन आदिवासींना सावकारीच्या विळख्यातून सोडवण्यासाठी काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसने प्रवास करत असताना त्यांना भोसकण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. काही वर्षांनी राणी मारिया यांची धाकटी बहीण, जी स्वतःही धर्मभगिनी आहे, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याला क्षमा केली, त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. सुटल्यावर तो त्यांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

‘धन्य’ ही पदवी राणी मारिया यांना मिळाली. तुरुंगाच्या दारात राखी घेऊन उभ्या राहिलेल्या बहिणीसाठी आणि मुलीच्या मारेकऱ्याला घरात घेणाऱ्या आईवडिलांसाठी अशी कोणतीही पदवी नाही. चर्चची यादी कितीही वाढली तरी असे लोक तिच्याबाहेरच राहणार, हे चर्चलाही ठाऊक आहे. म्हणूनच दरवर्षी १ नोव्हेंबरला ‘सर्व संतांचा सण’ साजरा होतो. नाव माहीत असलेल्या संतांबरोबरच ज्यांची फाइल कधी उघडलीच नाही, अशा सर्वांची आठवण त्या दिवशी केली जाते. त्यांत मजुराची मजुरी वेळेवर देणारा एखादा शेतकरी असेल, किंवा मापात खोट न करणारा दुकानदार. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे निमूटपणे करणारी सूनही असेल. रोमची परीक्षा चमत्कारापाशी येऊन संपते. बायबलने घातलेली परीक्षा मात्र समोरच्या माणसापाशी सुरू होते आणि तिला कोणतीही समिती लागत नाही.